नेट विजेच्या वायरिंगमधून न्या नाहीतर केबलने, पण या चुका टाळा

हॉलमध्ये राउटरशेजारी ३०० एमबीपीएसचा प्लॅन बरोबर ३०० देतो आणि आतल्या बेडरूममध्ये मीटिंग चालू असताना साहेबांचा चेहरा गोठतो. मग माणूस दोनपैकी एक करतो. ऑनलाइन पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी मागवतो: एक राउटरजवळच्या प्लगमध्ये, दुसरा बेडरूमच्या प्लगमध्ये, आणि मधला रस्ता भिंतीतल्या विजेच्या वायरीचा. नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलावून "तेवढी लॅनची वायर टाकून द्या" म्हणतो. भिंत तुमची असेल तर केबल टाका. घर भाड्याचं असेल आणि मालक खिळासुद्धा ठोकू देत नसेल तर अडॅप्टर घ्या. माझं मत एवढं सरळ आहे. पण दोन्हीकडे लोक वर्षानुवर्षं त्याच चुका करत आलेत.

पहिली चूक तर खरेदीच्याही आधी होते. फायबर जोडायला आलेला मुलगा दारातून आत आल्या आल्या जो प्लग दिसेल तिथे डबा टांगतो, कारण त्याला पुढच्या घरी जायचं असतं. आपणही "हो, चालेल" म्हणतो. त्याच वेळी त्याला घराच्या मधोमध फायबर न्यायला सांगा. दहा-पंधरा मीटर जास्तीची वायर लागेल, पण कितीतरी घरांत पुढचं काहीच करावं लागणार नाही.

अडॅप्टरवाल्यांसाठी: आधी मेन बोर्ड बघा

घरात थ्री फेज आहे (म्हणजे वीज तीन वेगळ्या तारांवरून येते) की सिंगल, हे न बघता अडॅप्टर घेणाऱ्यांनी मला फार छळलंय. सांगलीकडच्या एका बंगल्याची गोष्ट सांगतो. खाली राउटर, वर मुलाची अभ्यासाची खोली, मध्ये अडॅप्टरची जोडी. नेट इतकं रखडायचं की व्हॉट्सॲपवरचा फोटोसुद्धा गोल गोल फिरत राहायचा. मी पोचेपर्यंत राउटर बदलून झाला होता, कंपनीचा माणूस येऊन "आमच्याकडून लाइन ओके आहे" सांगून गेला होता, आणि पुतण्याने आणखी महागडी जोडी मागवायचा घाट घातला होता. कामाची माहिती दिली ती काकूंनी. "दादा, वरची लाइट गेली ना, की नेट झकास पळतं. लाइट नीट झाली की परत बंद."

सगळे हसले. पण काकूंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बंगल्याला थ्री फेज मीटर. खालचा मजला आर (लाल) फेजवर, वरचा वाय (पिवळ्या) फेजवर. पावसाळ्यात वाय फेज गेला की काका मेन बोर्डावरचा सिलेक्टर स्विच फिरवून वरचा मजलाही आर फेजवर घ्यायचे. तेवढा वेळ दोन्ही अडॅप्टर एकाच फेजवर यायचे आणि नेट सुरळीत चालायचं. फेज आला, काकांनी स्विच परत जागेवर नेला, की नेट झोपलं. दोन फेजच्या वायरी शेजारून धावतात म्हणून थोडा सिग्नल एकीतून दुसरीत उतरतो. त्यामुळे नेट पूर्ण मरत नाही, नुसतं रखडतं. आणि म्हणूनच कोणाला वायरिंगची शंका येत नाही.

त्या खोलीचं सर्किट इलेक्ट्रिशियनकडून आर फेजवर घेतलं आणि काम झालं. हा उद्योग स्वतः करू नका. पण बोर्डावर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे आहेत का, हे बघायला कोणाची गरज नाही. असतील तर जोडी मागवण्याआधी दोन्ही प्लग कोणत्या फेजवर आहेत ते विचारा.

बाकीच्या चुकांना एवढा वेळ द्यायची गरज नाही.

अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डात किंवा स्पाइक गार्डमध्ये लावू नका. विजेचा झटका (सर्ज) अडवणारे त्यातले भाग नेट वाहून नेणारी वरची फ्रीक्वेन्सीच खाऊन टाकतात. भिंतीतला प्लग द्या, आणि त्याच्या शेजारी मोबाइलचा स्वस्त चार्जर नको.

एक प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा थेट मेनवर, असंही करू नका.

खोक्यावरचा आकडा म्हणजे तुमचा वेग नव्हे. तो तारेवरचा कमाल दर असतो, तोही दोन्ही दिशा मिळून. त्यातून ५०० आणि ६०० लिहिलेल्या बऱ्याच मॉडेलांचा लॅन पोर्ट १०० चाच असतो. सहाशेच्या जोडीतून शंभरसुद्धा पूर्ण निघत नाहीत याचं आश्चर्य वाटणाऱ्यांनी खोक्याची मागची बाजू वाचलेली नसते.

युरोपच्या पिनांची जोडी दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर चालवली की अर्थिंग सुटतं. एव्ही२ प्रकारातले मिमो अडॅप्टर (एकाच वेळी जास्त तारांवरून सिग्नल नेणारे) फेज आणि न्यूट्रलच्या जोडीला अर्थची तारही वापरतात. ती गेली की तुम्ही ज्याचे जास्त पैसे मोजले तोच भाग बंद. जुन्या वाड्यात आणि चाळीत बहुतेकदा अर्थिंगच नसतं, तिथे महाग मॉडेल घेऊच नका.

आणि पेअरचं बटण दाबा. नव्या अडॅप्टरांचं नेटवर्क नाव कंपनीकडून ठरलेलं, सगळ्यांचं एकच असतं. सिग्नल विजेचा मीटर ओलांडून शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाऊ शकतो. बटण दाबलं की तुमची वेगळी किल्ली तयार होते. दोन मिनिटांचं काम, पण "लावलं, चाललं, झालं" म्हणणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो.

केबलवाल्यांसाठी: ९४ चा आकडा

मोठ्या प्लॅनवरही स्पीड टेस्ट कायम ९४-९५ वर अडकत असेल तर नेट कंपनीला फोन करू नका. तुमची केबल १०० वर जोडली गेलीय. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, तिथे १००० ऐवजी १०० दिसेल. गिगाबिटला (म्हणजे १००० ला) केबलमधल्या आठ तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तार तुटलेली असली किंवा टोकाच्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये नीट बसली नसली तरी यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. आणि काही महाभाग मुळात आठपैकी चारच तारा क्लिपमध्ये क्रिम्प करतात. "कॅमेऱ्याला पुरतं हो," म्हणे.

त्याहून वाईट चूक रंगांची. "दोन्ही टोकांना सारखं आहे ना, मग झालं," असं म्हणून रंग मनाला येतील तसे लावायचे. साधा टेस्टर आठही दिवे लावून दाखवतो, कारण तार टोकाला पोचलीय एवढंच त्याला कळतं. पण एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांची जोडी फुटलेली असते आणि वेग मार खातो. क्रम पाठच करा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही. मी तर भिंतीत क्लिप लावतच नाही, कीस्टोनचा बॉक्स (लॅनचं सॉकेट) बसवतो आणि पुढे तयार पॅच कॉर्ड, म्हणजे क्लिप लावलेली छोटी केबल, देतो. केबल हलली तरी भिंतीतलं टोक हलत नाही.

केबल विकत घेताना ब्लेडने तार खरवडा. आत चांदीसारखं दिसलं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए. दुकानदार "सगळे हीच नेतात" म्हणेल. नेऊ देत. ती वाकवताना तुटते आणि केबलवरूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना लावली तर तापते. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या. घरापुरती कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. ऑनलाइन मिळणाऱ्या चपट्या 'कॅट ८' च्या मोहात पडू नका.

विजेच्या पाइपातून लॅन केबल ओढू देऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही "काही होत नाही" म्हणाला तरी. २३० व्होल्टच्या शेजारी राहण्यासाठी तिचं आवरण बनवलेलं नसतं. आधी जुन्या लँडलाइनचा किंवा टीव्हीच्या केबलचा पाइप शोधा. जुन्या फ्लॅटमध्ये तो हमखास असतो, आत मेलेली वायरही असते. तिच्या शेपटाला नवी केबल बांधायची आणि जुनी हळूच ओढायची. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं. अडकली की हिसका मारायचा नाही, मागे घेऊन परत. पाइप सापडलाच नाही तर भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची प्लास्टिकची पट्टी. दिसते, मान्य, पण पडदा लावता येतो.

बंगल्यापासून आउटहाउसपर्यंत, किंवा घरापासून गोठ्यावरच्या कॅमेऱ्यापर्यंत, उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज जवळ कुठे पडली तरी त्या तारेत झटका येतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तिथे फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबलशी जोडणारे डबे) लावा. आणि पुरताना त्या फायबरवर माती टाकण्याआधी फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी नळासाठी चर खणणार आहे.