लाल रंगाला झाडाचा पर्याय शोधताना

होडीच्या बुडाला लाल रंगच का लावतात, हे एमएस्सीला जाईपर्यंत मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर घरापासून चालत वीस मिनिटांवर असूनही. मे महिन्याच्या शेवटी होड्या वर ओढल्या की माणसं बूड खरवडत बसायची, टोकदार पांढऱ्या कवचांचा खच पडायचा आणि अनवाणी गेलं की पाय कापायचे, एवढंच माहीत. ती कवचं बार्नॅकलची, म्हणजे दगडांना नि होड्यांना कायमच्या चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी जिवांची. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या पिल्लांमागे घालवली.

हल्ली मुलं विचारतात, "ताई, कडुनिंबाच्या अर्कापासून जहाजाचा रंग करायचाय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी हा लाल रंग समजून घ्या. त्यातला लाल म्हणजे क्युप्रस ऑक्साइड. हे तांब्याचं संयुग पाण्यात थोडं थोडं सुटतं आणि बुडाला चिकटायला आलेल्या जिवांना मारतं. तांब्याहून जालीम म्हणून १९६०-७० च्या दशकांत ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं संयुग आलं. त्यापायी फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची पैदास बसली, कवचं जाड आणि वेडीवाकडी व्हायला लागली. फ्रान्सने १९८२ साली २५ मीटरहून लहान बोटींवर त्याला बंदी घातली. काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना तर नराचं इंद्रिय फुटायचं, तेही लिटरमागे नॅनोग्रॅमच्या मात्रेत. आंतरराष्ट्रीय करार झाला २००१ मध्ये आणि लागू व्हायला २००८ उजाडलं. मग भार पुन्हा तांब्यावर आला, सोबत सायब्युट्रिनसारखी शेवाळनाशकं. २०२३ पासून सायब्युट्रिनलाही बंदी आहे. एक विष काढायचं नि दुसरं बसवायचं, असा हा खेळ आहे. झाडाकडे वळताना तोच खेळ आपणही खेळत नाही ना, हे तपासत राहावं लागतं.

झाडाची कल्पना तशी नवी नाही. बंदरावरचे एक चाचा मला सांगायचे, पूर्वी लाकडी होडीला काजूच्या टरफलाचं तेल, माशाचं तेल, राळ असं काय काय चोपडायचे आणि सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे. मी भारावून टिपणं काढत होते, तर त्यांनी मनगटावरचा डाग दाखवला. काजूचं तेल उडून फोड आला होता, त्याची खूण. वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी हा समज तिथेच सोडला. निकोटीनही झाडाचंच आहे की.

आता माझी फजिती. पहिलं वर्ष मिथेनॉलने खाल्लं. पाल्याचा अर्क मिथेनॉलमध्ये काढला, चोवीस खळग्यांच्या प्लेटमध्ये बार्नॅकलचे डिंभक (म्हणजे तीच पिल्लं) घेऊन त्यांवर थेंब सोडले, सकाळी सगळे मेलेले. प्रयोगशाळेत वडापाव वाटले. मार्गदर्शक बाईंनी वडापाव खाऊन झाल्यावर विचारलं, "नुसतं मिथेनॉल घातलेला खळगा कुठला?" असा खळगा नव्हताच. नंतर तो ठेवला, तर त्यातलेही मेले. टॅनिनवर, म्हणजे झाडाच्या सालीतल्या तुरट द्रव्यावर, आले तेव्हा वेगळीच गंमत झाली. टॅनिनने पाण्याचा सामू उतरत होता आणि श्रेय मी झाडाला देत होते. सामू मोजायचं यंत्र शेजारच्या टेबलावर होतं.

डिंभक वाढवणं मात्र मन लावून शिका, खरी मजा त्यात आहे. बार्नॅकल लागलेले दगड आणायचे, सावलीत थोडे सुकू द्यायचे, मग समुद्राच्या गाळलेल्या पाण्यात ठेवायचे. थोड्या वेळात धुरासारखी पिल्लं बाहेर पडतात. काचपात्राच्या एका बाजूला विजेरी लावली की सगळी उजेडाकडे धावतात, तिथून पिपेटने उचलायची. त्यांना कीटोसेरॉस हे डायटम (सूक्ष्म शेवाळ) खायला घालायचं. या पोहणाऱ्या पिल्लाला नॉप्लियस म्हणतात; त्याच्या सहा अवस्था पार पडल्या की सायप्रिड, म्हणजे चिकटायच्या आधीचा शेवटचा डिंभक, तयार होतो. आपल्याकडच्या उबदार पाण्यात याला पाच-सहा दिवस पुरतात, आणि त्या दिवसांत लग्नकार्याला जाता येत नाही. सायप्रिड काही खात नाही. आयुष्यभर जिथे डोकं टेकायचं ती जागा शोधणं हे त्याचं एकच काम. मिशांवर चालत पृष्ठभाग चाचपतो, पुढे जातो, परत येतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहताना मी कितीदा चहा गार केला असेल.

तो मेला का, हा आपला प्रश्नच नाही. तो न मरता चिकटायचं टाळतो का, हा आहे. म्हणून अर्कातून काढून स्वच्छ पाण्यात टाकलेले सायप्रिड पुन्हा हलतात का, ते पाहा. निम्म्यांचं चिकटणं थांबवणारी मात्रा आणि निम्म्यांना मारणारी मात्रा यांत भरपूर अंतर हवं. पहिली मात्रा मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅमच्या खाली असावी, असा अमेरिकी नौदलाचा जुना निकष आजही वापरतात. माझ्या बऱ्याच अर्कांची दांडी तिथेच गुल झाली.

जे तरले ते रंगात बुडाले. खरी अडचण ही आहे आणि प्राणिशास्त्राच्या वर्गात ती कुणी सांगत नाही. चिकट तपकिरी अर्क रंगात कालवला तर कधी रंग वाळेना, कधी वाळलेल्या रंगातून अर्क आठवड्यात धुऊन गेला. चाचणीसाठी रंग लावलेल्या पाट्या समुद्रात टांगतात; तिसऱ्या आठवड्यात माझी पाटी आणि कोरी पाटी शेजारी ठेवल्या, तर ओळखू येईनात. ईलग्रास या सागरी गवतातलं झॉस्टेरिक आम्ल असंच पाण्यात पटकन विरघळून जातं. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी क्वेब्राचो झाडाचं टॅनिन ॲल्युमिनियमशी बांधून त्याची विद्राव्यता कमी केली. ते वाचलं त्या दिवशी मी रसायनशास्त्राच्या मैत्रिणीला फोन लावला. तुम्ही पहिल्याच महिन्यात लावा. राळही समजून घ्या. पाइनच्या डिंकातून निघणारी राळ समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात हळूहळू झिजते, म्हणूनच तांब्याच्या रंगांतही ती घालतात. म्हणजे झाड आधीपासून डब्यात बसलेलं आहेच.

वनस्पती निवडताना दुर्मीळ काही धरू नका. खारफुटीची पानं मोहात पाडतात, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका. रानमोडी, घाणेरी ही तणं पोत्याने मिळतात, काजूची टरफलं कारखान्यांबाहेर पडलेली असतात. पाट्या ऑक्टोबरात टांगा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं आणि निकाल फसवे येतात. एक कोरी पाटी, एक नुसत्या रंगाची, एक तांब्याची हवीच. आणि दोरी जुनी वापरा. नवी नायलॉनची दोरी मी दोनदा गमावली, पाट्यांसकट.

नोकरीचं म्हणाल, तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था, अंबरनाथची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा ही ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवा. केवळ 'वनस्पतीजन्य' म्हणून जागा निघत नाही. पाट्यांची चाचणी नीट करता येणाऱ्याला काम मिळतं. मी स्वतः एका रंग कंपनीत आहे आणि आठवड्यातले चार दिवस तांब्याचेच रंग तपासते. पाचवा दिवस माझा.

गेल्या हंगामात राळ आणि काजूच्या तेलापासूनचं, रंग धरून ठेवणारं राळद्रव्य मिसळलेल्या पाट्या चाचांच्या होडीमागे टांगल्या होत्या. चार महिन्यांनी वर काढल्या. शेवाळ होतं, बार्नॅकल विरळ. चाचांनी नखाने एक टोकरून पाहिलं, सहज निघालं.

"खरवडायचं किती पुढे जाईल?"

मी म्हटलं, "दीडेक महिना."

"चालेल," म्हणाले. "डब्याचा भाव काय?"