नाइट ड्यूटीवाल्यांनी दिवसा झोपावं कसं

हँडओव्हर देऊन बाहेर पडले की कर्वे रोडवर ऊन आलेलं असतं. पीएमपीत चढायच्या आधीच मी काळा गॉगल लावते. सोसायटीतल्या काकू हसतात, हसू देत. डोळ्यांत ऊन गेलं की मेंदूतलं घड्याळ सकाळ झाली असं धरतं आणि अंधारात वाढणारं, झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं मेलॅटोनिन हे हार्मोन कमी होतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. वर्षानुवर्षं नाइट करूनही बहुतेकांचं घड्याळ पुरतं उलटं होत नाही. त्यामुळे ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नका. आणि तंद्रीत दुचाकी नकोच. हिंजवडीहून येणाऱ्यांनी कॅबनेच यावं.

घरी आल्यावर आंघोळ करून लगेच आडवं व्हा. ‘आधी जरा भाजी आणते, मग झोपते’ म्हटलं की संपलं. शरीराला जागं करणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन सकाळी चढलेलं असतं, जसजसा दिवस वर येतो तसतशी झोप विरळ होते. खिडकीला जाड पडदा, त्याच्या फटीला सेलोटेप, फोन दुसऱ्या खोलीत, बेल बंद. कुरिअरवाल्याला वॉचमनकडे द्यायला सांगा. गाढ झोप सुरुवातीच्या तासांत जास्त लागते आणि ग्रोथ हार्मोनचा मोठा भाग तेव्हाच स्रवतो, म्हणून पहिली झोप कुणी मोडू नये, सासूबाईंनीसुद्धा. एकूण सात तास भरायला हवेत. राहिलेले दुपारी भरा. पुण्याच्या एक ते चारला लोक हसतात, पण दुपारी शरीर खरंच मंदावतं.

आता खाणं. झोप अपुरी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. रात्री तीनला वडापाव आठवतो तो उगाच नाही. त्यात रात्री इन्सुलिनचं काम ढिलं असतं, तेच खाणं साखर जास्त चढवतं. म्हणून पोळीभाजी ड्यूटीच्या आधी घरीच जेवा, डब्यात उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे ठेवा. ड्यूटीनंतरची मिसळ सुट्टीच्या दिवसासाठी राखा. चहातलं कॅफीन पाचेक तासांनीसुद्धा साधारण निम्मं अंगात असतं. पहाटे वॉर्डात सगळे चहा घेतात, मी दोननंतर घेत नाही.

एवढं सांभाळूनही पाळी सतत पुढे-मागे होत असेल, वजन वाढत असेल, थकवा जात नसेल, तर सगळं नाइटवर ढकलू नका. थायरॉईड मंदावला तरी असंच होतं. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं हेही डॉक्टरांना सांगा. पीसीओडी (बीजकोशांचा हार्मोनचा विकार) आणि मंद थायरॉईड, दोन्हींत तो त्रास जास्त दिसतो. मेलॅटोनिनच्या गोळ्या मैत्रिणीने सांगितल्या म्हणून घेऊ नका, आणि मधुमेहाच्या औषधांच्या वेळा मनाने हलवू नका.

रक्त तपासणीला जाल तेव्हा लॅबच्या फॉर्मवर ‘रात्रपाळी’ असं लिहा आणि शेवटची झोप किती वाजता झाली तेही लिहा. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) रात्री वाढतं, आणि कॉर्टिसॉलचं सकाळचं ठरलेलं माप रात्री झोपणाऱ्या माणसाचं असतं. हे डॉक्टरांना माहीत असलं तर रिपोर्ट नीट वाचता येतो.