मेटलची गाणी ऐकून गुण द्यायचेत? आधी आवाज जुळवा

कोल्हापुरात मित्रांनी जमून मेटल, म्हणजे जड गिटार आणि ड्रमचं रॉक, ऐकायचं आणि प्रत्येक गाण्याला गुण द्यायचे, तर हिशोब असा: सहाजण, प्रत्येकी दोन गाणी, म्हणजे बारा. आठ मिनिटांपेक्षा लांब गाणं घ्यायचं नाही. ऐकणं आणि गुण लिहिणं दीड ते सव्वादोन तासांत उरकतं, त्यामुळे संध्याकाळी सातला बसलात तर दहाच्या आत आवाज बंद. राजारामपुरीतला फ्लॅट असो की मंगळवार पेठेतलं माडीवरचं घर, खोली बंद हवी. गच्चीवर बसू नका. उघड्यावर बास, म्हणजे खालच्या पट्टीचा खोल आवाज, विरून जातो आणि शेजारी मात्र जागे होतात. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर उलटं होतं, डबल बासचा (दोन पेडलने वाजणाऱ्या बास ड्रमचा) नुसता गडगडाट ऐकू येतो. भिंतीपासून हातभर पुढे घ्या.

गाण्यांच्या चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. इथवर सगळ्यांना जमतं.

माती होते ती आवाजात. तेच गाणं एक-दोन डेसिबलने मोठं वाजलं तर कानाला आवाज मोठा वाटत नाही, गाणं चांगलं वाटतं. 'गिटार कसली भरीव आहे' म्हणून जो गुण दिला जातो, तो बऱ्याचदा मास्टरिंगला, म्हणजे गाणं निघण्याआधी आवाजावर केलेल्या शेवटच्या कामाला, मिळालेला असतो. मेटलमध्ये हे जास्तच बाधतं. मेटालिका या बँडचा १९८६ चा अल्बम 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि त्यांचाच २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' एकाच व्हॉल्यूमवर लागोपाठ लावून बघा. दुसरा इतका दाबून भरलाय की आवाज फाटतो, तरी पहिल्या दहा सेकंदांत तोच जोरकस वाटतो. जुनी प्रत आणि रिमास्टर (नव्याने मास्टरिंग केलेली प्रत) यांतही असाच फरक पडतो, म्हणून गाणं सांगताना कोणती प्रत तेही सांगायचं.

'नॉर्मलायझेशन (सगळी गाणी आपोआप सारख्या आवाजावर आणायची सोय) चालू केलं की झालं' हा सल्ला अर्धवट आहे. स्पॉटिफायवर ते चालू ठेवा, नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) येतात. पण हा आकडा अख्ख्या गाण्याचा असतो. चार मिनिटं हळू वाजून शेवटी फुटणारं गाणं शेवटाला बाकीच्यांपेक्षा मोठंच वाजणार. यूट्यूब तर मोठ्या गाण्याचा आवाज खाली आणतं, हळू गाण्याचा वर नेत नाही. अर्धी गाणी इकडून आणि अर्धी तिकडून लावलीत तर गुणांना काही अर्थ उरत नाही. सगळी एकाच ठिकाणाहून वाजवा.

मग मोजा. फोनवर आवाज मोजायचं कुठलंही फुकट ॲप चालतं. फोन ऐकणाऱ्याच्या जागी, कानाच्या उंचीला धरा. ॲपमध्ये 'ए' आणि 'सी' अशी निवड असली तर 'सी' घ्या. 'ए' बास जवळजवळ मोजतच नाही. प्रत्येक गाण्याचा सगळ्यात भरलेला भाग ३० सेकंद वाजवून सरासरी ८० डेसिबलवर आणा आणि व्हॉल्यूमचा आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवा. सुरुवातीच्या हळू तुकड्यावर मोजलंत तर पुढे कान फुटतील. फोनचा आकडा अचूक नसतो, पण फोन तोच आणि जागा तीच असेल तर तुलनेला पुरतो.

एवढं करूनही ब्लॅक मेटल या प्रकारातली सलग ट्रेमोलो गिटार (एकच सूर भराभर छेडलेली) त्याच आकड्यावर संथ, जड डूम मेटलपेक्षा टोचरी लागते. तिथे व्हॉल्यूमचं एक घर खाली या, कानाचं ऐका. ब्लूटूथ स्पीकर ७० टक्क्यांच्या वर नेऊ नका. बरेच छोटे स्पीकर तिथून पुढे स्वतःच बास कापतात आणि सगळी मोजणी वाया जाते. इक्वलायझर (बास-ट्रेबल कमीजास्त करायची सोय) बंद. मेटालिकाच्याच 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बास गिटार ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी नॉब फिरवणारच, त्याचा हात धरा. तो अल्बम १९८८ मध्ये तसाच मिक्स झालाय आणि गुण त्यालाच द्यायचेत.

हे सगळं गाणी आणणाऱ्यांपैकी एकाने बैठकीआधी उरकायचं. लोक बसल्यावर मोजत बसलात तर निम्मे रंकाळ्यावर निघून जातील.

आता गुण. प्रत्येकाची पट्टी वेगळी. एकजण सगळ्यांना आठ-नऊ वाटतो, दुसऱ्याच्या हातून सहा सुटत नाही. म्हणून सुरुवातीला कुणीच न आणलेलं, सगळ्यांच्या ओळखीचं एक गाणं वाजवा आणि त्याचे सहा गुण पक्के धरा. बाकीची त्याच्या वर की खाली, एवढंच ठरवायचं. दहापैकी गुण, अर्धा चालेल. गाणं संपलं की दोन मिनिटांत कागदावर आकडा, मग तोंड. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! आधी चर्चा झाली की सगळे मोठ्या आवाजाच्या माणसाकडे झुकतात. शेजारी एका ओळीत कारण लिहायचं: रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ), ड्रम, गळा, रचना, काहीही. 'लय भारी' आणि 'नाद खुळा' हे कारण नव्हे.

स्वतःच्या गाण्याला गुण द्यायचे नाहीत. उरलेले पाच आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. सरासरी काढू नका. एकाने खुन्नस म्हणून १ दिला तर सरासरीत गाणं मरतं, मधला आकडा मात्र फारसा हलत नाही. बरोबरी झाली तर ज्या गाण्याचा सगळ्यात कमी गुण जास्त, ते वर. तांबडा-पांढरा रस्सा आकडे वाचून झाल्यावरच काढा, तेलकट हातांनी चिठ्ठ्या वाचता येत नाहीत.