स्टिअरिंगची तक्रार: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

‘स्टिअरिंग बिघडलंय, बघा जरा,’ एवढंच सांगून गाडी गॅरेजला सोडणं ही पहिली चूक. पुढचा बराचसा फुकटचा खर्च तिथूनच सुरू होतो. स्टिअरिंग जड होणं, थरथरणं, एका बाजूला ओढणं, ढिलं लागणं आणि वळताना आवाज येणं या सगळ्या वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्रास कधी होतो: जागेवर वळवताना की वेगात, ब्रेक दाबल्यावर की नुसतं चालवताना, गाडी थंड असताना की तापल्यावर? एवढं नीट बघून मेकॅनिकला सांगितलंत तर त्याचा अंदाजपंचे पार्ट बदलण्याचा मार्गच बंद होतो.

जड झालं की लगेच ऑइल

आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. मोटर, टॉर्क सेन्सर आणि कंट्रोल युनिट एवढाच त्याचा संसार. त्यात ऑइल नसतंच. तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे हे आधी मॅन्युअलमध्ये बघा.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर बॅटरीतून बराच करंट खेचते. त्यामुळे बॅटरी कमजोर असेल किंवा टर्मिनल, अर्थिंग सैल असेल तर पहिला फटका इथे बसतो: डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागतो, स्टिअरिंग जड होतं. मग कोणीतरी ‘मोटरच गेली’ म्हणून पूर्ण रॅक (चाकं वळवणारा आडवा दांडा) किंवा कॉलम (स्टिअरिंग व्हीलखालचा दांडा) बदलायला सांगतं. त्याआधी साधा मल्टिमीटर लावा. काही तास बंद असलेल्या गाडीची चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना बहुतेक वेळा 13.5 ते 14.5. आकडे यापेक्षा बरेच खाली असतील तर आधी तिथे लक्ष द्या.

बॅटरी काढून बसवल्यावर दिवा लागला असेल तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं आणि थोडं अंतर चालवलं की तो आपोआप जातो. अरुंद जागेत गाडी काढताना सतत पुढे-मागे करून स्टिअरिंग जड झालं, तर मोटर तापल्यामुळे सिस्टिमने मदत मुद्दाम कमी केलेली असते. थंड झाली की पूर्ववत होते. आणि गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेले बिघाडाचे एरर कोड वाचण्याआधी पुसू देऊ नका. बिघाडाचा माग त्याच कोडवरून लागतो.

हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑइलच वापरा आणि पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधा. वरचेवर ऑइल भरत राहणं हा इलाज नव्हे. ऑइलला फेस आला असेल आणि वळवताना पंप कण्हत असेल तर आत हवा शिरली आहे.

ओढते म्हणजे अलाइनमेंट गेली, असं नाही

आधी टायर थंड असताना हवा तपासा. मग पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा (टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नका). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा; अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कितीही वेळा केली तरी ती ओढ जाणार नाही. बरंच चालवून थांबल्यावर एकाच चाकातून जास्त गरम हवा आणि जळका वास येत असेल तर ब्रेक कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) अडकतोय. रिमला हात लावू नका, चटका बसेल.

थरथरीचं सोपं आहे. ठरावीक वेगाला, बहुधा 80 ते 100 च्या आसपास थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग (सगळीकडे वजन सारखं करणं) बघा, आणि रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलाय का तेही. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकच्या डिस्क तपासा.

ढिलाई कुठे आहे ते न शोधणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण इथे जिवाशी गाठ असते. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे अगदी थोडं, चाक जेमतेम हलेल इतकंच हलवत राहायचं. दुसऱ्याने पुढच्या चाकामागून टॉर्च मारून टाय रॉड एंडकडे, म्हणजे रॅक आणि चाक जोडणाऱ्या रॉडच्या चाकाकडच्या जॉइंटकडे बघायचं. रॉड हलला आणि चाकाकडचा भाग क्षणभर उशिरा हलला, किंवा बारीक ‘टक’ ऐकू आला, की समजा तो जॉइंट झिजलाय. तसंच आतल्या टोकाकडे रॅकचं रबर बूट फाटलंय का बघा. तिथून पाणी शिरलं की रॅक गंजतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नका.

पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर ‘टकटक’ येत असेल तर तो बहुधा ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला इंजिनची ताकद देणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट असतो, स्टिअरिंगचा नव्हे.

अलाइनमेंटचा उलटा क्रम

चाकं धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनचे झिजलेले बुश (रबरी जोड) आणि बॉल जॉइंट तसेच ठेवून केलेली अलाइनमेंट चार खड्ड्यांतच बिघडते. आधी हवा, मग ढिले पार्ट, शेवटी अलाइनमेंट. टाय रॉड बदलला की अलाइनमेंट करावीच लागते. नव्या गाड्यांत त्यानंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा लावून घ्या, नाहीतर स्टॅबिलिटी कंट्रोलचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. लेन धरून ठेवणारा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन लागेल का, हेही विचारा.

कॉलम किंवा रॅक सोडवायचं काम असेल तर स्टिअरिंग व्हील सरळ बांधून ठेवायला सांगा. मोकळं सुटून गरगर फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली वायर) तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. व्हील मध्येच अडकत असेल किंवा ढिलाई अचानक वाढली असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टो करून न्या.