टॅटू मैत्रिणीचा, ड्यूटी आपली

माझ्या अंगावर तिळाएवढाही टॅटू नाही, पण सोबत म्हणून चार वेळा पार्लरमध्ये बसून आलेय. पहिल्या खेपेला टॅटू मैत्रिणीचा होता आणि चक्कर मला आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यात उभी राहून सुईकडे टक लावून बघत होते. म्हणून आधी हे: दोघींनीही नीट जेवून जायचं. तिने आदल्या दिवसापासून दारूला हात लावायचा नाही, रक्त जास्त येतं. आणि सोबतीला एकच जण पुरे. चौघी गेल्या की हशा पिकतो, हसता हसता तिचा हात हलतो आणि आर्टिस्टचं डोकं फिरतं.

निघण्यापूर्वी एक खूण ठरवा. आमची होती, "मला बाथरूमला जायचंय." हे वाक्य तिच्या तोंडून आलं की समजायचं, बाईसाहेबांचं मन डळमळलंय. मग आपणच वाईटपणा घेऊन "आज नको, पुन्हा येतो" म्हणायचं.

खरं काम स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा पुसता येणारा कच्चा छाप, कातडीवर लावल्यावर. जांभळ्या रेघा उमटल्या की तिला आरशात अक्षरं उलटी दिसतात, पाठीवर असतील तर धड दिसतही नाहीत. वाचायचं आपण. एकीला मनगटावर 'आशीर्वाद' हवं होतं. कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमध्ये जोडाक्षर फुटलं होतं: रफार 'वा'च्या डोक्यावर बसण्याऐवजी पाय मोडका 'र' वेगळाच उभा. देवनागरी नीट न जुळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सर्रास होतं, पहिली वेलांटीसुद्धा उडी मारून अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. ती मात्र "किती गोड!" म्हणत फोटो काढत होती. मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, स्टेन्सिल पुसायला लावलं, दहा मिनिटांत नवीन लागलं. सुई शाई वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल सोडते. मग पुसणं विसरा. शब्द योग्य लिहिलेला मोबाइलवर मोठ्या अक्षरांत तयार ठेवा.

सुईचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फुटलं पाहिजे, त्यावरची तारीखही बघा. शाई छोट्या डिस्पोजेबल टोपणात ओतलेली हवी, थेट बाटलीत सुई बुडवणं नाही. मधेच फोन वाजला आणि आर्टिस्टने त्याच हाताने उचलला, तर ग्लोव्ह्ज बदलायलाच हवेत. "दादा, ग्लोव्ह्ज बदलता का?" एवढंच विचारायचं. मला पहिल्यांदा फार संकोच वाटला होता, पण चांगला माणूस चिडत नाही.

काम सुरू झालं की तिच्या डोक्याशी बसा, सुईच्या बाजूला नको. बरगडी, घोटा, पाठीचा कणा अशा हाडाजवळच्या जागा जास्त झोंबतात, तिथे गप्पा उपयोगी पडतात. "अजून थोडा मोठा हवा होता ना?" ही अक्कल मात्र आता पाजळायची नाही. नजर तिच्या चेहऱ्यावर ठेवा: ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला, उत्तरं तुटक झाली की लगेच मशीन थांबवायला सांगा. आडवं झोपवून पाय वर घ्यायचे. बरं वाटलं म्हणून ती ताडकन उठायला बघेल. उठू देऊ नका.

शेवटच्या सूचना तिच्या डोक्यात शिरत नाहीत, आपण लिहून घ्यायच्या. साधारण अशा असतात: कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, टिपून कोरडं करणं, मलमाचा पातळ थर, दोन-तीन आठवडे पोहणं नाही, ऊन टाळायचं. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप भरला तर डॉक्टर गाठायचा, आर्टिस्टला फोटो पाठवत बसायचं नाही.

पुढच्या काही दिवसांत "खूप खाजतंय गं, खपली काढू का?" असा मेसेज येईलच. नख लावू नकोस, वरून हलकं थोपट, असं कळवून टाका.