जुन्या आऊटबोर्डचा स्लो लागत नाही? स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे ओहोटीच्या वेळी इंजिन बंद पडलं की होडी लगेच आडवी होते आणि पुढची लाट बगलेवर बसते. माझं जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगलेलं इंजिन, नेमकं अशाच जागी दगा द्यायचं. फुल रेसवर तक्रार नाही, पण रेस कमी करून स्लोला, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात कमी वेगाला, आणलं की भकभक, थरथर आणि मग गप्प. शेजारच्या होडीवरचा दादा म्हणाला, “जरा रेस वाढय मरे, काय होवचा नाय.” मी वाढवली. पुढचे तीन महिने मी त्याच चुकीची किंमत मोजली.

आयडलचा, म्हणजे स्लोचा वेग ठरवणारा, स्क्रू आत फिरवला की इंजिन बंद पडायचं थांबतं, म्हणून रोग बरा झाला असं वाटतं. पण आता गिअर टाकताना ‘खाट’ असा आवाज येतो. खालच्या गिअरकेसमधला क्लच डॉग, म्हणजे गिअर जोडणारा दातेरी तुकडा, चढ्या वेगात दातांत घुसतो आणि त्याचे कोपरे झिजतात. माझे झिजले. पुढे भरल्या होडीने रेस दिली की गिअर आपोआप सुटायला लागला. गिअरकेस उघडून काम करून घ्यावं लागलं, आणि मूळ दोष निघाला कुठे, तर पेट्रोलच्या पाइपाच्या कनेक्टरमधल्या एका कडक झालेल्या ओ-रिंगमध्ये. तिथून पेट्रोलबरोबर हवा ओढली जात होती.

माझ्या मेकॅनिक काकांचं एकच वाक्य असतं: “आधी टाकी बघ, मगे इंजिनाक हात लाव.” टाकी, पाइप, फुगा (पाइपावरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी गोळा), फिल्टर, कार्बोरेटर, प्लग, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला विसरणं ही इतकी साधी चूक आहे की कोणी कबूल करत नाही. थोडा वेळ इंजिन छान चालतं, मग टाकीत बाहेरची हवा शिरत नसल्याने पेट्रोल येईनासं होतं, फुगा चपटा होतो आणि इंजिन उपाशी मरतं. हाच फुगा चांगला डॉक्टरही आहे. स्लो बिघडला की चालत्या इंजिनात फुगा हळू दाबून बघा. दाबल्यावर इंजिन सावरलं तर पेट्रोल कमी पोचतंय: पाइपात हवा, तुंबलेला फिल्टर किंवा इंजिनावरच्या पंपाचा थकलेला रबरी पडदा. दाबल्यावर धूर वाढून आणखी बिघडलं तर उलट, पेट्रोल जास्त होतंय. तेव्हा कार्बोरेटरमधली, जादा पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही असं समजा.

पेट्रोलचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात निम्मी दुखणी तिथलीच. यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी, पर्यटनाच्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या. दोन महिने टाकी अर्धी भरलेली, भोवती ओली हवा. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन पितं ते तळाचंच. शिवाय इथेनॉल डोळ्यापुढे ठेवून न बनवलेल्या जुन्या इंजिनांचे रबरी पाइप आणि पडदे त्याने फुगतात किंवा कडक होतात.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घालताना मी आता एक काम चुकवत नाही. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटं उजेडात ठेवतो. तळाशी वेगळा थर, थेंब किंवा गढूळपणा दिसला तर सगळं बाहेर. “अजून चालेल” म्हणून त्यात नवीन पेट्रोल ओतणं म्हणजे नासलेल्या दुधात ताजं दूध घालणं.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाबद्दल दोन गोष्टी. स्कूटरचं टू-टी तेल वापरू नका. पाण्याने थंड होणाऱ्या आऊटबोर्डला टीसी-डब्ल्यू3 दर्जाचं तेल लागतं, नाहीतर आत राख साचते. आणि “मशीनला चांगलं” म्हणून तेल जास्त घालू नका. 50:1 म्हणजे 10 लिटरला 200 मिली. जास्त तेलाने प्लग काळा होतो आणि पहिला त्रास स्लोलाच दिसतो. तुमच्या इंजिनाचं प्रमाण 100:1 असेल तर मॅन्युअल ऐका, धक्क्यावरच्या सल्ल्यावर जाऊ नका.

आता कार्बोरेटर. फुल रेसवर इंजिन ठीक आणि फक्त स्लोला अडखळतं, तर पहिला संशय पायलट जेटवर. जेट म्हणजे बारीक भोकातून मोजून पेट्रोल सोडणारा पितळी तुकडा. मोठ्या वेगात पेट्रोल मेन जेटमधून येतं, स्लोला मात्र पायलटच्या केसाएवढ्या भोकातून. तिथे वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसतो. त्यात स्टीलची तार घालणं ही धक्क्यावरची सगळ्यात लाडकी चूक. पितळेचं भोक एकदा मोठं झालं की ते जेट फेकायचं. कार्बोरेटर क्लीनर, भिजवून ठेवणं आणि दाबाची हवा एवढंच पुरतं. साफ झाल्यावर जेट उजेडाला धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे.

मिक्स्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू काढण्याआधी तो हळुवार आत बसवून किती फेरे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा. जोरात आवळला तर सुईचं टोक आणि बैठक दोन्ही गेलं. कोणत्या बाजूला फिरवल्यावर मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, हे कार्बोरेटरगणिक बदलतं, म्हणून कानाने ओळखा: मिश्रण पातळ असेल तर इंजिन कार्बोरेटरमधून शिंकतं, जाड असेल तर धुराने गुदमरत हळूहळू बसतं. पाव-पाव फेरा फिरवा आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा.

नवे प्लग टाकले म्हणजे ठिणगी आली, असंही नाही. इंजिन बंद करून एक टोपी काढा, तिच्यात जादा प्लग लावून त्याचं लोखंड इंजिनच्या अंगाला नीट टेकवा आणि मग चालू करून ऐका. दुसऱ्या प्लगला असंच करा. ज्या प्लगला वेगळं केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. चालत्या इंजिनावरून टोपी उपसून हवेत लोंबकळत ठेवू नका, सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जळू शकतो. आणि हे करताना जवळ पेट्रोलची बाटली उघडी नको, हे सांगायला लागू नये. मेलेल्या सिलिंडरला ठिणगी दिसत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. दोन सिलिंडरमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ट्यूनिंगने काही होणार नाही. ठिणगी नसेल तर नवी कॉइल घेण्याआधी अर्थिंगच्या वायरी सोडवून घासा. खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवा थर चढतो आणि ठिणगी अर्धी राहते.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह, काढून टाकण्याची फॅशनही आमच्याकडे आहे. “कोकणात एवढं ऊन, इंजिन थंडच असूदे.” पण गार इंजिनात पेट्रोल नीट बाष्प होत नाही, प्लग ओले होतात आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. मिठाने अडकला असेल तर साफ करा किंवा बदला.

शेवटी, स्लो लावायचा कुठे? घरामागे ड्रममध्ये बुडवून नाही. ड्रममध्ये पाणी घुसळतं, इंजिन स्वतःचाच धूर परत ओढतं आणि ड्रमात उत्तम लागलेला स्लो खाडीत फसतो. ड्रम फक्त गोड्या पाण्याने धुवायला आणि इंजिन चालू होतं की नाही बघायला. कोरडं तर क्षणभरही चालवू नका, इंजिन थंड करणारं पाणी ओढणारी रबरी फिरकी, इंपेलर, जळते.

होडी जेटीला पुढून-मागून दोरांनी बांधा, पंख्यात तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेली नाही ना ते इंजिन बंद करून वर उचलून बघा, मग दहा मिनिटं गरम करा आणि पुढचा गिअर टाकून स्लो लावा. गिअरमध्ये पडल्यावर वेग थोडा उतरतो, आणि तिथे तो टिकला पाहिजे. मी स्क्रू शेवटचा फिरवला त्या दिवशी त्याची जागा पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवली. दोन हंगाम झाले, खूण अजून तिथेच आहे. दादा परवा विचारत होता, ती रेस कुठे वाढवली ते जरा दाखव.