पोस्टर घेताना आधी लूप काढा

वागळे इस्टेटमधल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये मी १९ वर्षं प्री-प्रेस, म्हणजे छपाईआधीची तयारी, सांभाळते आहे. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हापासून माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी एकच विचारतात : मावशी, ती साठच्या दशकासारखी दिसणारी रॉक पोस्टर्स जमवायची कशी?

पहिलं म्हणजे आपण काय घेतोय ते ठरवा. कार्यक्रमाच्या वेळची मूळ प्रत वेगळी, तिची नंतर छापलेली प्रत वेगळी आणि आजच्या चित्रकाराने जुन्या धाटणीत केलेलं नवं पोस्टर वेगळं. माझ्या भिंतीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. फक्त नव्या छापाला मूळ प्रतीचे पैसे मोजू नका. सॅन फ्रान्सिस्कोतले कार्यक्रमांचे आयोजक बिल ग्रॅहम यांनी फिलमोर या सभागृहासाठी काढलेली कितीतरी पोस्टर्स पुढे विक्रीसाठी पुन्हा छापली गेली, त्यामुळे ‘ओरिजिनल’ म्हटलं की कितवा छाप, हे विचारायचंच.

आता लूप, म्हणजे छपाई तपासायचं छोटं भिंग. दहा पटीचं साधं चालेल. ते रंगावर टेकवा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल रचलेले दिसले तर ती फोर कलर छपाई, म्हणजे या चार शायांच्या ठिपक्यांतून सगळे रंग भासवणारी. बारीक फवारा उडाल्यासारखे विस्कटलेले ठिपके म्हणजे इंकजेट. आणि ठिपकाच नसेल, लाल म्हणजे सलग भरीव लाल असेल, तर त्या रंगाची शाई वेगळी कालवून वेगळ्या प्लेटवरून छापली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या काळातल्या पोस्टर्सचं बरंचसं काम असं आहे.

माझ्याकडे गुलाबांचा मुकुट घातलेल्या सांगाड्याचं पोस्टर आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा कार्यक्रम होता, त्यासाठी चित्रकार स्टॅनली माउस आणि अल्टन केली यांनी ते केलं. सांगाडा मुळात जुने पुस्तक-चित्रकार एडमंड सुलिव्हन यांचा, उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेला, नुसत्या काळ्या रेघांचा. माझी प्रत नवी आहे. लूपखाली बरगडीची रेघ पाहिली की तिच्या दोन्ही कडांना निळे-गुलाबी कण चिकटलेले दिसतात. काळ्या शाईच्या एकाच प्लेटवरून आलेली रेघ अशी दिसत नाही. कुणीतरी छापील पोस्टर स्कॅन करून चार रंगांत फोडलं, त्याची ही खूण.

रंगाचंही तसंच. त्याच काळातले पोस्टर-चित्रकार व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात रंगांचे अभ्यासक जोसेफ अल्बर्स यांच्याकडे शिकले होते. सारख्याच उजळपणाचे दोन विरोधी रंग, समजा लाल आणि निळा, शेजारी ठेवले की मधली कड थरथरते, आणि मोस्कोसोंनी हे मुद्दाम वापरलं. फोर कलरमध्ये भडक केशरी मळकट होतो, निळा जांभळ्याकडे झुकतो आणि ती थरथर जाते. म्हणून अशा पोस्टरची प्रत घ्यायची तर स्पेशल कलरमध्ये, म्हणजे वेगळ्या कालवलेल्या शाईत, किंवा स्क्रीन प्रिंटिंगने केलेली शोधा. स्क्रीन प्रिंटला शाईचा थर जाड असतो, तिरप्या उजेडात तो कागदावर उचललेला दिसतो. खाली पेन्सिलीने ३४/१५० असं लिहिलेलं असेल तर दीडशे प्रतींतली ती चौतिसावी.

ऑनलाइन घेताना कोपऱ्याचा, पाठीचा आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागवा. फिलमोरची बरीच पोस्टर्स साधारण १४ बाय २० इंचांची असत. आपल्याकडे डिजिटल मशीनचा शीट १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ असतो. माप नेमकं तेवढंच निघालं की माल कुठल्या मशीनवरून आला असेल, याचा अंदाज येतो.

घेण्यापेक्षा जपणं कठीण, निदान ठाण्यात. २०१९ च्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. फ्रेमवाल्याने पोस्टर सरळ काचेला टेकवून दिलं होतं आणि मीही काही बोलले नव्हते. आर्ट पेपरवरचा लेप ओलसर झाला की गोंदासारखा चिकटतो. ऑगस्टात सोडवायला गेले तर एका अक्षराची जांभळी शाई काचेवरच राहिली, अंगठ्याच्या नखाएवढी. अजून ती जागा पांढरी आहे आणि तिच्याकडे पाहिलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून फ्रेमवाल्याला चार गोष्टी लिहून देते. काच आणि कागदामध्ये अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे कडेने पुठ्ठ्याची चौकट. मागे प्लाय किंवा हार्डबोर्ड नको, अ‍ॅसिड-फ्री फोमबोर्ड. पोस्टर कशालाही चिकटवायचं नाही, फोटो कॉर्नरमध्ये नुसतं धरायचं. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. पाऊस झोडपतो त्या भिंतीवर आणि थेट ऊन येतं तिथे काहीही टांगू नका.

लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको.

जी टांगत नाही ती मी गुंडाळत नाही. आर्किटेक्चरच्या मुलांकडे असतो तसल्या मोठ्या फोल्डरमध्ये, मध्ये अ‍ॅसिड-फ्री टिश्यू घालून आडवी ठेवते, पलंगाखाली नव्हे तर कपाटाच्या वरच्या खणात. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, ओल धरली की रंग बदलणाऱ्या. जूनपासून दर रविवारी त्या तपासते. कसर लागली आहे का, ते पाहायला दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाली की एकेक पोस्टर काढून पंख्याखाली तासभर मोकळं ठेवते आणि पाठीवर पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख टाकते.